तेरावे आणि सोळावे पॅकेट

ऑगस्ट २००१ मध्ये सॅन डिएगोला भरलेल्या सिगकॉम परिषदेच्या कार्यवृत्तात एक निबंध आहे. लेखक जितेंद्र पाध्ये आणि सॅली फ्लॉइड. दोघेही तेव्हा बर्कलीच्या एसीरी या इंटरनेट-संशोधन केंद्रात काम करत होते. प्रश्न असा की जगभरचे वेब सर्व्हर इंटरनेटवरची कोंडी टाळण्याचे नियम खरोखर पाळतात की नाही, हे त्यांच्या मालकांना न विचारता, त्यांचा कोड न पाहता ओळखायचे कसे? त्यासाठी या दोघांनी ‘टीबिट’ नावाचे साधन तयार केले. त्यातली एक चाचणी इतकी नेटकी आहे की आधी तीच सांगतो, मग मागे जाऊ.

टीबिट एखाद्या सर्व्हरकडे साधे वेब-पान मागते. जोडणी करतानाच बजावते की एका पॅकेटात शंभरच बाइट घाल आणि पोच न मिळालेली पाचापेक्षा जास्त पॅकेटे वाटेत ठेवू नकोस. तुकडे एवढेसे असल्याने लहानसे पानही पंचवीसेक पॅकेटांत विभागले जाते. पहिल्या बारा पॅकेटांची पोच टीबिट इमानेइतबारे देते. तेरावे येते, पण ते आलेच नाही असे सोंग करते. चौदावे आणि पंधरावे आले की दोन्ही वेळा ‘बारापर्यंत मिळाले’ हीच पोच पाठवते. सोळावेही गिळून टाकते. सतरावे आले की पुन्हा ‘बारापर्यंत मिळाले’. मग सर्व्हर काय करतो ते पाहत राहते.

इथे आकडे सहज पडलेले नाहीत. विंडो, म्हणजे पोचेविना वाटेत ठेवायच्या पॅकेटांची मर्यादा, पाचाची, म्हणून वाटेत तेरा ते सतरा एवढीच पॅकेटे. त्यांतली दोन लपवली की उरतात तीन, आणि एकाच पोचेच्या तीन नकला मिळाल्या की हरवलेले पॅकेट मुदतीची वाट न पाहता लगेच पुन्हा पाठवायचे, असा संकेत आहे. म्हणजे सर्व्हरला तो संकेत जेमतेम मिळेल, एकही जास्त नाही, अशी ही मांडणी. आता उत्तरे पाहा. सर्व्हरने तेरावे लगेच पाठवले, त्यावर ‘पंधरापर्यंत मिळाले’ अशी पोच मिळताच सोळावेही लगेच पाठवले आणि सतराव्याला हात लावला नाही, तर त्याच्याकडे ‘न्यूरेनो’ आहे. तेरावे लगेच पाठवले पण सोळाव्यासाठी मुदत संपेपर्यंत थांबला, तर ‘रेनो’. तेरावे लगेच पाठवले, पण नंतर सोळाव्याबरोबर आधीच पोचलेले सतरावेही पुन्हा पाठवले, तर ‘टाहो’. आणि तेराव्यासाठीही मुदत संपायची वाट पाहिली, वर सतरावेही पुन्हा पाठवले, तर टाहोच, पण लगेच पाठवण्याची युक्ती नसलेला. दोन पॅकेटे लपवून चार वंश वेगळे काढायचे, अशी ही परीक्षा आहे.

एक अडचण होती. ज्या संगणकावर टीबिट चालते, त्याची स्वतःची टीसीपी यंत्रणा, म्हणजे पॅकेटे पाठवण्या-घेण्याचे नियम राबवणारी यंत्रणा, तीही ही पॅकेटे पाहते आणि ‘ही जोडणी मी केलेली नाही’ म्हणून ती तोडून टाकते. उपाय म्हणून त्या संगणकाच्या फायरवॉललाच सांगितले गेले की सर्व्हरकडून आलेले काही आपल्या यंत्रणेपर्यंत पोचू देऊ नकोस. ही कल्पना स्टीफन सॅव्हेज यांच्या ‘स्टिंग’ या १९९९ च्या साधनातून घेतली होती, तसे लेखकांनी नोंदवलेही आहे. शिवाय वाटेत पॅकेटे खरोखरच हरवू शकतात, म्हणून एकेका सर्व्हरची परीक्षा पाच वेळा घेतली. किमान तीन वेळा निकाल हाती आला आणि ते सगळे एकमेकांशी जुळले, तरच तो सर्व्हर सर्वांत भरवशाच्या गटात. जुन्या कागदांवर काम करणाऱ्याला ही शिस्त ओळखीची वाटेल.

मात्र एक गोष्ट खटकते. टीबिट वर्तन ताडून पाहते ते टाहो, रेनो, न्यूरेनो या नावांशी. यांतली पहिली दोन कुठल्या नियमपत्रातली कलमे नव्हेत. टाहो आणि रेनो ही बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९८८ आणि १९९० च्या आवृत्त्यांची नावे आहेत, म्हणजे कोडाची. कोड नियमाशी जुळतो का हे तपासायला निघालेल्यांनी मापदंड म्हणून दुसरा कोडच का घेतला, हे कळण्यासाठी वीस वर्षे मागचे कागद उलगडावे लागतात.

इंटरनेटचे नियम ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित दस्तांत येतात. टीसीपीचे मूळ नियमपत्र म्हणजे सप्टेंबर १९८१ चे आरएफसी ७९३. त्यात घेणाऱ्याची विंडो आहे. घेणाऱ्याला एका वेळी किती माल झेपेल तेवढाच पाठवावा, हा नियम आहे. पण मधल्या जाळ्याला किती झेपेल, याबद्दल काही नाही. कोंडी-नियंत्रण नावाची गोष्टच त्या दस्तात नाही. जानेवारी १९८४ मध्ये फोर्ड एरोस्पेस कंपनीतले जॉन नेगल यांनी आरएफसी ८९६ लिहून इशारा दिला होता की भार वाढला तर हे जाळे कोसळू शकते, आणि कोसळले की तसेच पडून राहील. आपल्या खासगी जाळ्यात त्यांना ही लक्षणे दिसली होती. अर्पानेटमध्ये क्षमता उदंड, म्हणून तिथे ती लपून राहिली होती.

ऑक्टोबर १९८६ मध्ये ती उघडी पडली. यासाठी मुख्य साक्ष व्हॅन जेकबसन यांच्या १९८८ च्या निबंधाची. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर चारशे यार्डांचे. त्या मार्गावरचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. आठशेवा हिस्सा. कारण त्यांनी शोधले ते असे : पोच यायला उशीर झाला की पाठवणारा संगणक पॅकेट हरवले असे समजून पुन्हा पाठवत होता, प्रत्यक्षात ते वाटेत रांगेत उभे होते. रांग वाढली की उशीर वाढायचा, उशीर वाढला की नकला वाढायच्या.

नागपूरच्या इतवारीहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी नॅरोगेज २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना जेकबसनांचा उपाय समजावून सांगावा लागणार नाही. एकेरी, अरुंद मार्गावर पुढची गाडी सुटते ती आधीची पुढचे स्टेशन गाठून वाट मोकळी झाल्याची खबर आल्यावर. इतवारीला ब्रॉडगेजवरून किती माल येऊन पडला आहे, याला त्या हिशेबात जागा नाही. जेकबसनांनी हेच सूत्र धरले : जुने पॅकेट जाळ्याबाहेर पडल्याची पोच आली तरच नवे आत सोडायचे. सुरुवात एकाच पॅकेटाने करायची, वाटेचा अंदाज घेत वाढवायची, आणि पॅकेट हरवले की माघार घ्यायची. मायकेल कॅरेल्स यांच्यासह त्यांनी बीएसडीच्या टीसीपीत सात नव्या पद्धती घातल्या.

त्या निबंधाच्या सुरुवातीला एक प्रश्न आहे आणि इतिहासाच्या दृष्टीने मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. जेकबसन विचारतात की बीएसडीचा टीसीपी चुकीचा वागत होता, की जाळ्याची अवस्था इतकी वाईट होती की टीसीपीलाच अधिक बरे वागायला शिकवायला हवे होते? उत्तर देतात, दोन्ही. म्हणजे कोडात दोष होते, आणि दोष नसते तरी नियमपत्र पुरे पडले नसते. नियम तंतोतंत पाळूनही जाळे कोसळू शकले असते, कारण जो नियम हवा होता तो लिहिलेलाच नव्हता.

मग तो लिहिला गेला कधी? ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ ने प्रत्येक टीसीपीला मंद प्रारंभ, म्हणजे एका पॅकेटापासूनची ती सुरुवात, आणि त्यानंतरची सावकाश वाढीची कोंडी-टाळणी सक्तीची केली. पण कृती स्वतः मांडली नाही. तो जेकबसनांच्या पद्धतीकडे बोट दाखवून थांबला. कृती शब्दांत उतरली ती जानेवारी १९९७ मध्ये, रिचर्ड स्टीव्हन्स यांच्या आरएफसी २००१ मध्ये. बीएसडीचा कोड जगात पसरल्यावर जवळजवळ नऊ वर्षांनी. या मधल्या काळात ज्या कुणाला नवा टीसीपी लिहायचा होता, त्याच्यापुढे एक निबंध होता आणि बीएसडीचा कोड होता. मूळ प्रत कोडाची, नियमपत्र ही तिच्यावरून उतरवलेली. टीबिटची मापे टाहो-रेनोच्या नावाने का, याचे उत्तर इथे आहे.

उतरवून घेताना मूळ प्रतीतली चूकही सापडली. कोंडी-टाळणीच्या टप्प्यात विंडो दर फेरीला सुमारे एका पॅकेटाने वाढावी, असे ठरले होते. त्यासाठी प्रत्येक पोचेमागे पॅकेटाच्या आकाराचा एक छोटा अंश मिळवायचा. विंडोत आठ पॅकेटे असतील तर एक-अष्टमांश, सोळा असतील तर एक-षोडशांश. पण बीएसडी वंशाच्या अनेक कोडांत या अंशाशिवाय पॅकेटाच्या आकाराचा आठवा हिस्सा आणखी मिळवला जात होता. वरवर किरकोळ. हिशेब करून पाहा. प्रत्येक पॅकेटाची पोच येते असे धरले तर आठ पॅकेटांच्या विंडोला एका फेरीत आठ पोचा, आणि आठ वेळा आठवा हिस्सा म्हणजे एक जादा पॅकेट. वाढ एकाऐवजी दोनाने. सोळाच्या विंडोला वाढ तिनाने. विंडो जितकी मोठी तितकी हाव मोठी, आणि संयमासाठी बांधलेल्या टप्प्यातच नेमका संयम सुटतो. स्टीव्हन्स यांनी हे चुकीचे आहे, पुढच्या आवृत्त्यांत गिरवू नये, असे १९९७ मध्ये लिहिले. एप्रिल १९९९ च्या आरएफसी २५८१ ने तेच पुन्हा बजावले. प्रतीने मूळ प्रतीला दुरुस्त करावे, असा प्रसंग हस्तलिखितांच्या जगात विरळाच.

त्याच काळात व्हर्न पॅक्सन दुसऱ्या टोकाने हे काम करत होते. ३५ ठिकाणांमध्ये आपसात वीस हजार टीसीपी हस्तांतरे करून त्यांनी प्रत्येकाची पॅकेटनिहाय नोंद ठेवली आणि ‘टीसीपीअनॅली’ नावाचा प्रोग्राम ती नोंद वाचून कोणता टीसीपी कुठे चुकला हे सांगे. १९९७ च्या त्यांच्या निबंधातला मला आवडणारा भाग निकालांचा नाही, साक्षीदाराच्या उलटतपासणीचा आहे. पॅकेटांची नोंद करणारा फिल्टर स्वतःच चुकतो, हे त्यांच्या लक्षात आले. तो काही पॅकेटे नोंदायची विसरतो, काही दोनदा नोंदतो, क्रम उलटा लावतो, घड्याळ मागेपुढे करतो. मग जाळ्यात हरवलेले आणि फिल्टरने न नोंदलेले यांत फरक कसा करायचा? ज्या पॅकेटाची नोंदच नाही त्याची पोच समोरून आलेली दिसली, तर पॅकेट पोचले होते, लेखनिक झोपला होता. साक्ष अशी तिच्याच पोटातल्या विसंगतीने पारखायची, हे आपल्याकडे बखरींच्या बाबतीत करावे लागलेच आहे.

सर्व टीसीपींना लागू पडेल असा एकच सामान्य तपासनीस बनवण्याचा पॅक्सन यांचा मूळ बेत होता. तो त्यांना सोडावा लागला आणि प्रत्येक वंशाची खोड वेगळी शिकवावी लागली. निकालांत एक गोष्ट ठळक होती : बीएसडीच्या कोडापासून निघालेले टीसीपी त्या मानाने बरे वागत होते, आणि स्वतंत्रपणे लिहिलेले जास्त चुकत होते. लिनक्स १.० एखादे पॅकेट हरवल्याच्या शंकेने वाटेतली सगळीच पुन्हा पाठवत असे. सोलारिसच्या त्या वेळच्या आवृत्त्या पहिली मुदत सुमारे तीनशे मिलिसेकंद धरत, आरएफसी ११२२ ने तीन सेकंद सुचवले असताना. लांबच्या मार्गावर पोच यायच्या आत मुदत संपे आणि निष्कारण नकला निघत, १९८६ मध्ये जे बुडवून गेले तेच थोड्या प्रमाणात. वाचून लिहिणाऱ्यांपेक्षा नक्कल करणारे बरे ठरले, हे त्या नियमपत्रांबद्दलचे मत मानायला हरकत नाही.

पॅक्सन आणि आठ सहलेखकांनी मार्च १९९९ मध्ये आरएफसी २५२५ काढला. टीसीपीच्या ज्ञात दोषांची ही यादी आहे, दोष अठरा. सुरुवातीला मंद प्रारंभच नसणे, मुदत संपल्यावर मंद प्रारंभ न करणे, विंडोला सुरुवातीचे मूल्यच न देणे, तो आठव्या हिश्श्याचा जादा अंश, पहिली मुदत फार कमी धरणे अशी ती चालते. प्रत्येक दोषाखाली त्याचे वर्णन, परिणाम, कोणता आरएफसी मोडतो, दोष दाखवणारी पॅकेटांची नोंद, बरोबर वागणाऱ्याची नोंद, दोष ओळखायचा कसा आणि दुरुस्त कसा करायचा. पंचनाम्याला लाजवेल असा हा दस्त आहे. तरी पॅक्सन यांच्या पद्धतीला नोंद घेण्यासाठी जोडणीच्या टोकाशी कुणीतरी लागत असे. टीबिटला फक्त सर्व्हरचा पत्ता पुरे.

जितेंद्र पाध्ये या प्रश्नाकडे गणिताच्या वाटेने आले होते. १९९८ मध्ये फिरोयू, टाउस्ली आणि कुरोज यांच्याबरोबर त्यांनी टीसीपीच्या वेगाचे सूत्र मांडले : पॅकेटे हरवण्याचे प्रमाण, जाऊन-येऊन लागणारा वेळ आणि मुदतीची लांबी दिली की वेग किती मिळेल ते सांगणारे. चौघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ते पीएफटीके म्हणून ओळखले जाते. पहिले अक्षर पाध्यांचे. २००३ च्या आरएफसी ३४४८ मध्ये, जिथे पाध्ये स्वतः सहलेखक आहेत, ते सूत्र नियम म्हणून आले. ज्याने टीसीपी कसा वागतो याचे सूत्र लिहिले त्यालाच, तो खरोखर तसा वागतो का हे बघण्याची गरज वाटावी, हे साहजिक आहे.

आता टीबिटच्या निकालांकडे. बरेच सर्व्हर शेवटच्या प्रकारात निघाले, लगेच पाठवण्याची युक्ती नसलेल्या टाहोत. हे कोड्यात टाकणारे होते, कारण ती युक्ती तोवर सर्वमान्य झाली होती. मेडिना, ऑलमन आणि फ्लॉइड यांच्या २००५ च्या निबंधात उलगडा नोंदला आहे : हे विंडोजवर चालणारे सर्व्हर होते, आणि मायक्रोसॉफ्टने कळवले की पाठवणाऱ्याच्या बफरात मावतील इतक्या लहान वेब-पानांसाठी केलेला सुधारणेचा प्रयत्न फसला होता. लहान पानांसाठी केलेली सुधारणा लहान पानांनाच भोवली. बारकावा असा की आरएफसी २५८१ मध्ये ही युक्ती ‘वापरावी’ या श्रेणीत आहे, ‘वापरलीच पाहिजे’ या श्रेणीत नाही. नियमपत्र पुढे धरून तपासणाऱ्याला यात भंग दिसला नसता. दुसऱ्या वंशाच्या वागण्याशी ताडले तेव्हाच खोट दिसली.

टीबिटने सर्व्हरचीच परीक्षा का घ्यावी, हेही सांगायला हवे. भिवापुरात कुणी फोनवर मिरचीचे भाव पाहायला पान उघडले, तर विंडो वाढवायची की घटवायची हा निर्णय त्याच्या फोनचा नसतो. फोन फक्त पोचा पाठवतो. निर्णय दूरच्या सर्व्हरचा, त्यात भरलेल्या कोडाचा. पान दहा पॅकेटांचे असेल आणि एक हरवले, तर लगेच पाठवणारा सर्व्हर ते एका फेरीत भरून काढतो. मुदतीची वाट पाहणारा, नोव्हेंबर २००० च्या आरएफसी २९८८ प्रमाणे, किमान एक सेकंद गप्प बसतो. भिवापूरचा माणूस त्या सेकंदाबद्दल टॉवरला शिव्या देतो.

टीबिटने उकरलेले दुसरे प्रकरण नियमपत्र वाचण्याच्या पद्धतीचे आहे. आरएफसी ७९३ ने टीसीपीच्या शीर्षभागात सहा बिट राखून ठेवले होते आणि ते शून्य असावेत असे म्हटले होते. जानेवारी १९९९ च्या आरएफसी २४८१ ने त्यांतले दोन वापरात आणले, पॅकेट न टाकताच कोंडीची सूचना देता यावी म्हणून. काही फायरवॉलनी हे बिट शून्य नाहीत असे पाहताच जोडणीची विनंती धुडकावली. जुन्या वाक्याने पाठवणाऱ्याला कर्तव्य सांगितले होते. शून्य नसेल तर घेणाऱ्याने दार लावावे असे कुठेच म्हटले नव्हते. ऑगस्ट २००२ मध्ये फ्लॉइड यांना केवळ एवढ्यासाठी आरएफसी ३३६० लिहावा लागला. तो त्यांचा सर्वांत चिडलेला दस्त असावा, असे माझे वाचन आहे.

हे सगळे २००५ पाशी संपते असे वाटू शकते, पण पुढच्या पद्धतीच्या वाट्याला तोच क्रम आला. ‘क्यूबिक’ ही पद्धत २००६ पासून लिनक्सची नेहमीची पद्धत झाली आणि जगातले असंख्य सर्व्हर तिच्यावर आले. तिचा आरएफसी, ८३१२, निघाला फेब्रुवारी २०१८ मध्ये. मधली अकरा-बारा वर्षे पुन्हा कोड हेच नियमपत्र.

क्यूबिकमध्ये विंडो किती असावी हे शेवटची हानी झाल्यापासून, म्हणजे पॅकेट हरवल्यापासून, किती वेळ गेला यावर ठरते. वेळ वाढेल तशी विंडो घनाच्या, म्हणजे तिसऱ्या घाताच्या, वक्राने वाढते. सप्टेंबर २०१५ मध्ये लिनक्सच्या कोडात एरिक ड्यूमाझे यांनी केलेली एक दुरुस्ती नोंदलेली आहे. तिच्या टिपणात म्हटले आहे की जना अय्यंगार यांना एक विचित्र गोष्ट आढळली : वेळ मोजणारे घड्याळ फक्त सुरुवातीला आणि हानी झाल्यावरच पुन्हा शून्यावर येते. प्रोग्राम पाठवायचे काही नसल्याने गप्प बसला असेल, तरी ते चालूच राहते. काही सेकंदांनी पाठवणे पुन्हा सुरू झाले की कोडाला वाटते एवढा वेळ सगळे सुरळीत चालले होते, आणि विंडो मंद प्रारंभाच्या जवळपासच्या वेगाने उसळते. दुरुस्तीने गप्प बसल्याचा वेळ वजा केला. त्याच महिन्यात दुसरी दुरुस्ती आली, कारण वजाबाकीत घड्याळाची सुरुवात कधीकधी भविष्यकाळात पडे, हिशेब उलटे आणि विंडो पुन्हा उसळे. ही गोष्ट नील कार्डवेल यांनी लिहिलेल्या एका चाचणीने पकडली, जी कधी पास होई, कधी नापास.

दुसऱ्या दुरुस्तीचे टिपण मोकळेपणाने कबूल करते की वजाबाकी अचूक नाही : घड्याळ पोच आल्यावर सुरू होते, गप्प बसणे मात्र पाठवतेवेळी मोजले जाते. अचूक करायचे तर आणखी एक चल लागेल, आणि बग पहिल्यापासून असून इतकी वर्षे कुणाच्या लक्षात आला नाही, तेव्हा तेवढा खटाटोप नको. अडीच वर्षांनी निघालेल्या आरएफसी ८३१२ मध्ये नियम आला तो सक्तीच्या श्रेणीत : गप्प बसल्याचा काळ या हिशेबात धरता कामा नये. ऑगस्ट २०२३ मध्ये क्यूबिकला मानकाच्या वाटेवर नेणारा आरएफसी ९४३८ आला, त्यातही तो कायम आहे.